फक्त ‘मद’ पुसायचा होता

2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि नागापूर एमआयडीसीतल्या पाट्यांवर पत्ता बदलायची वेळ आली. ब्रशवाला पेंटर असता तर म्हणाला असता, ‘‘साहेब, ‘ह’ला वेलांटी देतो, ‘मद’ पुसून ‘ल्या’ बसवतो. बाकी तसंच राहू द्या.’’ फ्लेक्सवाल्याला ही काटकसर कशी जमणार? तो अख्खी पाटीच नवी छापतो. फॉन्ट बिघडला तर ‘ल्या’चा पायही मोडतो, पण रंग चकाचक!

शिवाय भाऊंच्या वाढदिवसाला चाळीस शुभेच्छुकांचे चेहरे एका रात्रीत काढणं पेंटरच्या बापाला जमलं नसतं. फ्लेक्सवर जमतं, तेही सगळ्यांना गोरं करून. मग मनमाड रस्त्यावरच्या उन्हात हळूहळू सगळे निळे पडतात. भाऊंसकट.