प्रेशरमामा

कर्नाटकातल्या भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात नळाला पाणी आल्याची बातमी तीन भाषांतून गल्लीभर फिरते. "नीर बंदाव!" "पानी आ गया!" आणि "पाणी आलं वो!" एवढं होईस्तोवर पलीकडच्या ओट्यावरून चौथा आवाज येतो, "आलंय खरं, पण प्रेशर नाही." हा आवाज प्रेशरमामांचा.

प्रत्येक गल्लीला एक प्रेशरमामा असतोच. कुठे ते शाळेतून निवृत्त झालेले असतात, कुठे बस डेपोतून, कुठे तालुका कचेरीतून. नोकरीत नळाशी कधी संबंध आलेला नसणं, ही या पदाची पहिली अट. मुलं पुण्याला किंवा हैदराबादला, शेत बटईने दिलेलं, सकाळचा पेपर साडेआठला वाचून संपलेला. मग माणसाने उरलेल्या दिवसाचं करायचं काय? खांद्याला शबनम, तीत एक पाना, संपत आलेली टेफ्लॉन टेप, वेलदोड्याच्या डबीत जपलेले वायसर आणि मनगटावर चावीचं एचएमटी. निघाले.

बोलावणं बहुधा कुठल्यातरी वहिनींच्या स्वयंपाकघरातून येतं. "मामा, सिंकच्या नळाची धार करंगळीएवढी झालीय वो. भांडी निघेनात." मामा आले म्हणून लगेच सिंककडे जातील असं कोणी समजू नये. ते आधी बसतात. चहा येतो. मग निदान सुरू होतं, आणि ते धरणापासून सुरू होतं.

"कारंजाचं पाणी बघितलंत का यंदा?" हा पहिला प्रश्न. तिथून गाडी मांजरा नदीवर, मांजरेवरून सीमेवर. "आपण ना तिकडचे, ना इकडचे. 1956 ला इकडे जोडले, तेव्हापासून धार बारीकच." महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि वहिनींच्या नळाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण मामांच्या मते पाण्याला वरून खाली यायचं असेल तर विषयालाही वरूनच खाली यावं लागतं.

मध्ये एक थांबा बिदरचा असतो. बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला नेली. त्या काळात जांभ्या दगडाच्या पठाराखाली भुयारं खोदून जमिनीतलं पाणी नुसत्या उतारावर शहराकडे आणलं गेलं. इराणी धाटणीची ही कारेझ, म्हणजे आपली सुरंग बावी, नौबादला आजही बघता येते. "मोटर नाही, लाईट नाही, बिल नाही! नुसता उतार!" असं म्हणताना मामांचा हात हवेत असा तिरका उतरतो की कपातला चहा बशीत येतो. म्हणणं सोळा आणे खरं असतं. पण वहिनींच्या हाताला एव्हाना साबण वाळलेला असतो.

आणि एक सांगायला हवं. मामा एकदा सिंकसमोर उभे राहिले की माणूस बदलतो. बडबड थांबते. पहिला प्रश्न अगदी नेमका, "न्हाणीतला नळ कसा चालतोय?" न्हाणीत धार चांगली असेल तर दोष टाकीत नाही, लाईनीत नाही, याच नळात आहे. दोन्हीकडे रडत असेल तर गच्चीवर जायचं. टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय का, तळाला गाळ साचलाय का, पाईपात हवा धरलीय का, ते बघायचं. मग सिंकखाली वाकून ते भिंतीतला अँगल कॉक चाचपतात. मागच्या वेळी कोणीतरी गळती थांबवायला तो अर्धा बंद केलेला असतो आणि नंतर विसरलेला असतो. तोही ठीक निघाला तर शेवटी नळाच्या तोंडाची जाळी, जिला दुकानदार फोमफ्लो म्हणतो.

ही जाळी फडक्यात धरून, पान्याचे ओरखडे न उमटवता, मामा फिरवून काढतात आणि तळहातावर उपडी करतात. काय नसतं तिच्यात! बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार थरावर थर बसून दगड झालेला, त्यात वाळूचे दोन कण, टेफ्लॉनचा एक धागा आणि टाकीतल्या शेवाळाचा हिरवा तुकडा. रुपयाच्या नाण्याएवढी वस्तू, पण सगळ्या घराचा इतिहास तिच्यात. "ह्याच पाण्यानं तुमची तूरडाळ शिजत नाही," मामा जाळी नाचवत सांगतात. तेही खरंच. पाणी जड असलं की कलबुर्गीची तूर, जिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तीसुद्धा कुकरमध्ये हट्टाला पेटते. जाळी लिंबाच्या रसात थोडा वेळ बुडवायची, मग जुन्या दातांच्या ब्रशने घासायची, जाळीशिवाय नळ क्षणभर सोडून आतला कचरा बाहेर काढायचा आणि परत बसवायची. खर्च एक लिंबू.

एवढं साधं काम असं झटपट संपलं तर मामांना ते अपमानास्पद वाटतं. म्हणून मग टाकी वर उचलायचा प्रस्ताव येतो. "दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर. तुमच्या स्लॅबवरच्या टाकीपासून ह्या नळापर्यंत उंची किती? तीन मीटर धरा. म्हणजे पाव किलोच्या जरा वर! पाव किलोत काय येतं? भाजीसुद्धा येत नाही." तीन फुटांचा कट्टा बांधा, अर्ध्या इंचाची लाईन काढून पाऊण इंचाची टाका. पाऊण इंची पाईप दीडपट नाही, आतल्या तोंडाने सव्वादोनपट मोठा, हे ते फरशीवर खडूने गोल काढून दाखवतात. घरातले सावकार, म्हणजे वहिनींचे यजमान, यावेळी नेमके बाहेर कुठेतरी काम काढतात.

पण मामांचं खरं नाट्य पुढे आहे. जाळी बसली, नळ सोडला, धार भरदार पडली, वहिनींचा चेहरा उजळला. त्या पातेलं पुढे सरकवणार तोच मामा झडप घालून नळ बंद करतात. "एवढा सोडायचा नसतो!"

जोर यावा म्हणून तासभर झटलेला माणूस जोर आल्यावर पहिलं काम तो दाबण्याचं करतो. मग एचएमटी डोळ्यांसमोर, बादली नळाखाली आणि मापन सुरू. मिनिटाला दहा लिटर. दहा मिनिटं नळ सोडून भांडी विसळली की शंभर लिटर गेले. "जलजीवनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाचं माप किती, माहीत आहे? 55 लिटर. तुमच्या चार पातेल्यांनी जवळजवळ दोघांचा दिवस धुऊन नेला!" टपकणारा नळ हा तर त्यांचा जानी दुश्मन. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरच्या वर. हिशोब तोंडपाठ, आणि तो ऐकवताना शेवटी लातूर येतंच. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. भालकीच्या मामांना लातूर म्हणजे शेजारचं घर. बहीण तिथलीच. "तिच्या अंगणात तेव्हा घागरींची रांग बघितलीय," म्हणताना आवाज खरोखर उतरतो आणि त्या क्षणी कोणी हसत नाही.

वहिनी काय करतात? त्या टपात पाणी घेऊन भांडी विसळतात, ते पाणी कढीपत्त्याला घालतात, आणि हे सगळं मामा या गल्लीत राहायला येण्याआधीपासून करतात. पण हे त्या मामांना सांगत नाहीत. त्या दुसरा चहा टाकतात.

या जमातीला खरा धोका आहे तो चोवीस तास पाण्याचा. कलबुर्गीच्या काही भागात 2008 च्या सुमारास तसा प्रयोग सुरू झाला. असल्या भागात लेक दिली की मामांचे तिथले दिवस फार अवघड जातात. दुपारी तीनला नळ सोडावा तर धार. रात्री दोनला उठून सोडावा तरी धार. हंडे नाहीत, पिंप नाही, पहाटेची धावपळ नाही, गल्लीत हाकसुद्धा नाही. लेक म्हणते, "अप्पा, जरा आराम करा की." आराम! दोन दिवस ते सिंकवर उडणारे शिंतोडे बघत बसतात. तिसऱ्या रात्री सगळे झोपल्यावर, पाण्याची ही नासाडी बघवेना म्हणून, हळूच सिंकखाली वाकून अँगल कॉक पाऊण फिरवून ठेवतात.

सकाळी लेकीची हाक येते, "अप्पा, बघा की वो, नळाचं प्रेशर एकाएकी गेलंय!"

अप्पा खुर्चीत सावरून बसतात. "आधी चहा ठेव," ते म्हणतात, "भीमेत पाणी किती आहे ते बघावं लागेल."