पाटीला तीस, पायाला साठ

वसईच्या पश्चिम पट्ट्यात आधी वाड्या होत्या, रस्ते मागाहून आले. दोन वाड्यांच्या कुंपणांमध्ये जी जागा उरली तिच्यावर डांबर पडलं आणि तिला रस्ता म्हणायचं ठरलं. म्हणून भुईगावचा रस्ता केळीला वळसा घालतो, विहिरीला वळसा घालतो आणि मधूनच कुणाच्या तरी आजोबांच्या हट्टालाही वळसा घालतो. अशा रस्त्याच्या तोंडाशी लाल वर्तुळात '३०' लिहिलेली पाटी आहे. पाटी उपयोगाची आहे. भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तिच्या खांबाला छान बांधता येतो.

रविवारी दुपारनंतर मुंबईची, मिरारोडची, नालासोपाऱ्याची तरुणाई सुरूच्या बनाकडे निघते. समुद्र ओहोटीला कुठे पळून जाईल या धास्तीनेच बहुधा, पण निघते ती सुसाट. अशाच एका दुचाकीवाल्याला हवालदारसाहेबांनी हात केला. तो संवाद मी पानाच्या टपरीवरून ऐकला.

"किती होता स्पीड?"

"पन्नास असेल, साहेब."

"आणि पाटीवर काय आहे?"

"तीस. पण तीसला चाळीस चालतंच ना सगळीकडे? मग चाळीसच्या वर दहाच झाले. दहा तर साहेब, कुणीही सोडतं."

हवालदारसाहेब गप्प झाले. हिशेबात चूक काढायला जागाच नव्हती. अर्धा किलो वांग्यांवर भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते, तसे पाटीवरच्या आकड्यावर दहा किलोमीटर फुकट मिळतात ही आपली पक्की समजूत. आणि वरची कोथिंबीर एकदा अंगवळणी पडली की गिऱ्हाईक तिच्यावर पुन्हा वरचं मागतं.

आता कायद्याचं बघा. मोटार वाहन कायदा, १९८८. कलम ११२ म्हणतं, ठरवून दिलेल्या कमाल वेगापेक्षा जास्त वेगाने वाहन चालवायचं नाही. 'थोडंसं चालेल', 'गिऱ्हाईक बघून घ्या' असं त्या कलमात काही नाही. कलम १८३ दंड सांगतं. पूर्वी पहिल्या गुन्ह्याला तो ४०० रुपयांपर्यंत होता, २०१९च्या दुरुस्तीने हलक्या वाहनांना १,००० ते २,००० आणि मध्यम-अवजड वाहनांना २,००० ते ४,००० झाला. दंड वाढला तेव्हा लोक हबकले होते. मग लोकअदालतीच्या नोटिसा येऊ लागल्या आणि जिवात जीव आला. आता वेगात सूट मिळाली नाही तरी दंडात मिळेल या आशेवर चालानं मोबाइलमध्ये मुरत ठेवली जातात.

मर्यादा तरी नेमकी किती, हाही आमच्याकडे मजेचा विषय. महापालिका २००९ साली झाली तेव्हापासून पश्चिमेकडच्या गावांनी पालिकेत राहावं की बाहेर, यावर मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. केंद्र सरकारने मात्र २०१८च्या अधिसूचनेत हा तंटा एका फटक्यात निकालात काढला. मोटारीला पालिका हद्दीत ७०, आणि इतर रस्त्यांवर? तिथेही ७०! दुचाकीला दोन्हीकडे ६०. म्हणजे आत राहा की बाहेर, केळीच्या कुंपणात शिरण्याचा वेग तोच. राज्याला आणि स्थानिक अधिकाऱ्यांना यापेक्षा कमी आकडा लावता येतो, आणि आमची ३०ची पाटी त्याच जातीची. पुढे २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्दबातल ठरवली. ही बातमी अजून आमच्या रस्त्यापर्यंत पोचलेली नाही. रस्ता अरुंद आहे, वेळ लागतो.

बाहेरच्या देशांतही सूट देतात हो, असं आमचे एक परदेशवारी करून आलेले काका सांगतात. खरं आहे. ब्रिटनच्या पोलिसांच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मर्यादेवर दहा टक्के आणि वर दोन मैल, म्हणजे तीसच्या रस्त्यावर साधारण ३५ मैलांपासून कारवाई सुरू होते. जर्मनीत शंभरच्या आत कॅमेऱ्याने मोजलेल्या वेगातून ३ किलोमीटर वजा करतात, त्यापुढे तीन टक्के. पण तिथली सूट यंत्र चुकलं असेल तर म्हणून असते. आमच्याकडे यंत्रावर कुणी संशय घेत नाही, कारण बहुतेक ठिकाणी ते नसतंच. आमची सूट ओळखीवर असते. काचेवर 'पोलीस' लिहिलं की पंधरा किलोमीटर, 'प्रेस'ला दहा, आणि बॉनेटवर पक्षाचा झेंडा असला की पाटीनेच बाजूला व्हायचं.

शिवाय गाडीचा काटा स्वतःच आपल्याला एक सूट देऊन बसलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला ३९वा नियम सांगतो की काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त दाखवला तर मात्र चालेल, दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटरपर्यंत. म्हणजे खरा वेग ४० असताना काटा ४८ दाखवू शकतो. हे त्या दुचाकीवाल्याला ठाऊक असतं तर त्याने हवालदारसाहेबांकडून उलट काही परत मागितलं असतं.

मग पुरावा कुठला धरायचा? आमच्या वळणावर एक मावशी ओट्यावर बसून पानं निवडतात. इथे कच्चा रस्ता होता, बैलगाड्या जात, तेव्हापासून त्यांची नजर रस्त्यावर आहे. गाडी आवाजावरून ओळखतात, आणि चालवणाऱ्याचे संस्कारही. "मेला विमान घेऊन गेला," असा त्यांचा निवाडा असतो आणि तो आजवर कधी चुकलेला नाही. पण कलम १८३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की 'माझ्या मते गाडी जोरात होती' असं एकट्या साक्षीदाराने सांगून कुणाला दोषी धरता येत नाही, त्या मताला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा आधार लागतो. मावशींकडे उपकरण म्हणून चष्मा आहे, पण त्याला शासनाची मान्यता नाही.

उपकरणांचेही सोहळे थोडे नाहीत. २०२१च्या केंद्रीय नियमाप्रमाणे जिथे कॅमेरा लावायचा तिथे वाहनचालकाला दिसेल अशी इशाऱ्याची पाटी हवी, आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत धाडायला हवी. मासळीबाजारातल्या तराजूला वजनमापे खात्याचा शिक्का लागतो, तसे आता वेग मोजणाऱ्या रडारलाही त्याच खात्याचे नियम लागू झालेत. जुलै २०२५ पासून. चोराला आगाऊ पत्र पाठवून 'अमुक वळणावर आम्ही उभे आहोत' असं कळवणारी ही सभ्यता मला मनापासून आवडते. इशाऱ्याची पाटी दिसली की सगळी वाहनं वऱ्हाडासारखी संथ चालतात. कॅमेरा मागे पडला की बुडालेला वेळ व्याजासकट वसूल.

कलम १८३ मध्येच आणखी एक तरतूद दडलेली आहे. तिच्यावर एकही भाषण कसं झालं नाही कोण जाणे. वेगमर्यादा मोडल्याशिवाय गाठता येणार नाही असं वेळापत्रक कुणी छापलं, किंवा अमुक वेळात पोच असा हुकूम सोडला, तर छापणारा आणि हुकूम सोडणारा गुन्ह्यात सामील असल्याचा तो सकृतदर्शनी पुरावा मानता येतो. आता विचार करा. 'दहा मिनिटांत घरपोच' म्हणणाऱ्या जाहिराती. 'नऊला केबिनमध्ये दिसला पाहिजेस' म्हणणारे अंधेरीचे साहेब. भुईगावहून वसई रोड स्टेशन गाठायचं, सिग्नलला अडकायचं, पार्किंग शोधायचं, जिना चढायचा आणि विरारहून भरून आलेल्या फास्टमध्ये एक पाय ठेवायचा, आणि निघताना घरातून आवाज येतो, "अहो, आरामात जा, अजून पंधरा मिनिटं आहेत!" कायदा काटेकोर लावला तर तालुक्यातली निम्मी कुटुंबं कोर्टात उभी राहतील.

या सगळ्यात गणित तेवढं भाव खात नाही. ताशी ३० ऐवजी ५० ने गाडी आली तर टक्कर देण्याची तिची ताकद वीस किलोमीटरने वाढत नाही, पावणेतीन पट होते. पन्नासच्या वेगात गाडी सेकंदाला चौदा मीटर पुढे जाते, आणि समोर कोण आलंय हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. आमच्या घरांच्या पायऱ्या डांबराला चिकटलेल्या आहेत. पहाटे दादरला फुलं घेऊन जाणाऱ्या बाया टोपल्या डोक्यावर घेऊन याच पायऱ्या उतरतात, आणि चौदा मीटरमध्ये अशी चार घरं येतात.

शेवटी गावाने शहाणपण करून गतिरोधक मागितला. भारतीय रोड काँग्रेसचं माप आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, म्हणजे ताशी २५ने गाडी अलगद पार व्हावी. आम्हाला मिळाला तो एका रात्रीत उरलेल्या डांबराचा झाला. रुंदी वीतभर कमी, उंची वीतभर जास्त. अलगद पार होतो तो फक्त ट्रॅक्टर. तरी त्याने मोटारींना वळण लावलं, हे मान्य करायला हवं. दुचाकीवाल्यांनी मात्र आठवड्याभरात गटाराच्या कडेने चाकभर रुंदीची पायवाट पाडली आणि ते पूर्वीच्याच वेगाने जाऊ लागले. मग एका नारळपाणीवाल्याने नेमकी त्या वाटेवर आपली गाडी लावली. न पाटी, न कॅमेरा, न अधिसूचना. आणि त्या वळणावर जो येईल तो तीसच्या आत. महिनाभर गावाने शांतता अनुभवली.

परवा अतिक्रमणवाले आले आणि त्याची गाडी उचलून घेऊन गेले. रस्त्याला अडथळा होतो, अशी तक्रार होती म्हणे.