कोलोरॅडो नदीत उतरण्यापूर्वी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कोलाडला कुंडलिकेत सकाळभर वल्ही मारलीत आणि आता थेट अॅरिझोनातलं ग्रँड कॅन्यन करायचं म्हणताय? उत्तम. आधी फेब्रुवारीत नॅशनल पार्क सर्व्हिसच्या सोडतीत अर्ज भरा. म्हाडाची सवय असलेल्याला हे जड जाऊ नये. नंबर लागेपर्यंत मुलांची लग्नं उरकून घ्या.

लागलाच, तर सोबती निवडा. मोठ्या परवान्यात जास्तीत जास्त 16 माणसं बसतात. लीज फेरीला पाण्यात उतरायचं, डायमंड क्रीकला बाहेर पडायचं: 225 मैल. वल्ह्यांच्या राफ्टनं दोन आठवडे धराच. पट्टीचा पोहणारा शोधत बसू नका, लाइफ जॅकेट आहेच. न सांगता भांडी घासणारा शोधा.

आता मुख्य विषय: शौच. सगळ्यांचं सगळं घट्ट झाकणाच्या लोखंडी पेटीत साठवून बरोबर न्यायचं असतं, शेवटपर्यंत. पेटी मांडायची आडोशाला, पण नदी दिसेल अशी. एवढी चैन परवडते. वाटेच्या तोंडाशी हात धुवायची बादली आणि टॉयलेट पेपरचा डबा. डबा जागेवर नसला की समजायचं, कुणीतरी बसलंय. लघवी मात्र पेटीत नाही, वाळूतही नाही, थेट नदीत. नदीला माता म्हणणाऱ्याला पहिल्या दिवशी हे जमत नाही. पण इथे पाऊस नावापुरता, वाळूतला वास हटत नाही. नदीत तो क्षणात विरतो.

खळाळांचं एवढं काही नाही. त्यांना एक ते दहा गुण देतात. 179व्या मैलावरचा लाव्हा फॉल्स वरच्या अंगाला उतरून खडकांवरून बघायचा, कुठून जायचं ते ठरवायचं आणि मग पाणी नेईल तिकडून जायचं. वर उन्हाळी ऊन चाळिशीपार, खाली ग्लेन कॅन्यन धरणाच्या खोलातून सोडलेलं गारढोण पाणी. पडलात तर आधी श्वास अडकतो, शिव्या नंतर सुचतात.

आठवड्याभरात भांडण होणारच. सोडून जायचं असेल तर 88व्या मैलाजवळ फँटम रँच आहे. तिथून दक्षिण काठ सुमारे 1,300 मीटर उभा चढ. 1869 मध्ये याच नदीतून निघालेल्या मेजर पॉवेलच्या तुकडीतले तिघे पुढच्या खळाळाला कंटाळून सेपरेशन कॅन्यनमधून वर चढले आणि मारले गेले. होडीत राहिलेले दोन दिवसांत सुखरूप बाहेर पडले. तेव्हा काय भांडायचं ते बोटीत बसून भांडा.