दार आणि कडा

नैऋत्य फ्रान्समध्ये दोर्दोन्य नदीकाठच्या उंच कड्यावर दोम नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम हजाराची. पण त्याचा मुख्य दरवाजा, पोर्त दे तूर, पाहिला की वाटावे, आत निदान राजाचा खजिना असणार. दोन्ही अंगांना पोट पुढे काढून उभे असलेले दोन बुरूज, त्यांत बाण सोडायच्या अरुंद जंग्या, पहारेकऱ्यांच्या देवड्या, आणि कमानीच्या दगडात वरून जाळीचे दार सोडण्यासाठी कोरलेल्या खाचा. पाहुणा आला तर त्याने पाय पुसूनच थांबावे असा थाट.

गाव वसवले राजा तिसऱ्या फिलिपने, १२८१ मध्ये. शत्रूला बाहेर ठेवणे हे दरवाजाचे काम. त्याच्या मुलाने, चौथ्या फिलिपने, १३०७ मध्ये टेम्पलर संन्यासी-योद्ध्यांची धरपकड केली, त्यांतले काही याच बुरुजांत कोंडले गेले. म्हणजे बांधले बाहेरच्यांसाठी, वापरले आतल्यांसाठी. दाराची तक्रार नव्हती. त्याला दोन्ही बाजू सारख्याच. भिंतींवर कोरलेले क्रूस आणि क्रूसावरचा ख्रिस्त आजही दिसतात. ते या कैद्यांचेच काम, असे मानले जाते. वेळ भरपूर, दगड मऊ, आणि दाद द्यायला फक्त पहारेकरी.

खरी गंमत पुढेच आहे. तटबंदी गावाला होती, पण नदीकडच्या बाजूला नव्हती. तिथे सरळसोट कडा. त्याला भिंत कशाला? कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या लढायांच्या धामधुमीत, १५८८ च्या एका रात्री, प्रोटेस्टंट सरदार जोफ्रुआ द विवाँ याची तीसेक माणसे नेमकी तोच कडा चढून वर आली. गाव झोपलेले. मग त्यांनी काय करावे? आतून जाऊन दरवाजे उघडले आणि आपल्या फौजेला रीतसर आत घेतले. तीनशे वर्षे ज्या दाराने दिमाखात छाती काढली, त्याच्यावर कुणाला साधी थाप मारायचीही गरज पडली नाही.

दार अडवते ते दाराने येणाऱ्यालाच. म्हणजे बहुतेक सभ्य माणसांना.

आता दोम फ्रान्सच्या सर्वांत सुंदर खेड्यांत गणले जाते. पर्यटक दरवाजातून मुकाट आत येतात आणि सरळ कड्याकडे जाऊन नदीचे फोटो काढतात. तिथे आता कठडा आहे. कुणी वर चढू नये म्हणून नव्हे. फोटो काढता काढता कुणी खाली जाऊ नये म्हणून.