शिबिराची रंगीत तालीम

पालक सभेत हात वर करायचा नसतो. हात वर करणाऱ्याच्या गळ्यात एकतर स्नेहसंमेलनाची कमिटी पडते, नाहीतर वर्गणी गोळा करण्याचं काम. हे सगळं पाठ असूनही मी हात वर केला, कारण सरांनी विचारलं होतं, “पालकांपैकी कुणी स्काऊटमध्ये होतं का?”

विषय चिरंजिवांच्या शिबिराचा होता. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मुळशी धरणापासून जवळ, तंबूत सात दिवस. सर सूचना वाचत होते. मोबाइल नाही. खाऊ नाही. सामान मुलानं स्वतः भरायचं, आईबापांनी फक्त बघायचं. पहिल्या दोन सूचना पालकांनी निमूट गिळल्या, तिसरीला मात्र हॉलमध्ये कुजबुज झाली. एका गृहस्थांनी तिथं रेंज येते का विचारलं. सर म्हणाले, “येत नाही. म्हणून तर जागा निवडली.” मागून एका बाईंनी कमोडची चौकशी केली. सरांनी त्यांच्याकडे खूप वेळ प्रेमानं पाहिलं.

“मी होतो स्काऊट,” मी उभा राहून म्हणालो. “सातवीत. वाईला.”

सगळ्या माना वळल्या. मी पुढं गेलो आणि सरांशी डाव्या हातानं हस्तांदोलन केलं. स्काऊट डावा हात देतात, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात शिल्लक राहिली होती आणि नेमकी तीच मला नडली. सरांचा चेहरा खुलला. खिशातून पांढरी दोरी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. “मग यांना जरा क्लोव्ह हिच दाखवा. तंबूची सुरुवात तिथूनच होते.”

मला गाठी दोनच येतात, सुरगाठ आणि निरगाठ. त्यातली कोणती बांधतोय हे मला गाठ पडल्यावरच कळतं. मी समोरच्या खुर्चीच्या पायाला दोरी गुंडाळली, एक टोक वरून घेतलं, एक खालून, मग पुन्हा वरून, कारण खालून घेतलेलं टोक सापडेना. “अशी,” मी म्हणालो आणि ओढली. सरांनी सोडवून पाहिली. नखानं, मग दातानं. शेवटी त्यांनी ती खुर्ची दोरीसकट भिंतीकडे सरकवून ठेवली. सभ्य माणूस.

घरी येताना मी बायकोला सांगितलं की सरावाअभावी हात जड होतो, बाकी काही नाही. येत्या शनिवारी आपण सगळेच मुळशीला एक रात्र तंबूत काढू. रंगीत तालीम होऊन जाईल. पोराची भीड चेपेल.

“पोराची?” ती म्हणाली.

जागेचा प्रश्न नव्हता. मुळशी तालुक्यात दोन गुंठे घेतलेला एक तरी माणूस प्रत्येक कोथरूडकराच्या ओळखीत असतोच. ‘मुळशी पॅटर्न’ पाहून आम्ही सगळे २०१८ साली हळहळलो होतो. ‘शेतकऱ्याच्या जमिनी गेल्या हो’ असं म्हणत इंटरव्हलमध्ये पॉपकॉर्न खाल्लेल्यांपैकीच माझ्या बँकेतल्या एका सहकाऱ्यानं नंतर तिकडे प्लॉट घेतला. ‘लेक व्ह्यू’. गाडीच्या टपावर उभं राहिलं तर लेक दिसतो. त्यानं किल्ली म्हणून मला फाटकाला बांधलेली तार कशी सोडवायची ते सांगितलं.

मग सामान. यादीत ताट-वाटी, पेला, सतरंजी, चादर, टॉर्च, पाण्याची बाटली, दोरी, काठी आणि गणवेश एवढंच होतं. ती यादी अपुरी आहे हे मी पहिल्या दृष्टिक्षेपातच ओळखलं. डासांचं मलम, मुंग्यांची पावडर, मीठ-साखरेची पाकिटं, दोन टॉर्च, टॉर्च बंद पडल्यास मेणबत्त्या, मेणबत्त्या भिजल्यास लायटर, आणि मोज्यांच्या गुंडाळ्यात चकल्या. चिरंजीव पलंगावर बसून हे सगळं बघत होते. मधेच त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण मी तेव्हा रेनकोटची घडी घालत होतो. वाण्याकडच्या काट्यावर पिशवी चौदा किलो भरली. चिरंजिवांचं वजन तीस.

निघालो चौघं. मी, बायको, आई आणि चिरंजीव. आईला घरी राहा म्हटलं तर ती म्हणाली, “मी येते. मला बघायचंय.” काय बघायचंय ते तिनं सांगितलं नाही.

चांदणी चौक ते भूगाव या प्रवासात मी चळवळीचा इतिहास सांगून संपवला, यावरून वाहतुकीची कल्पना यावी. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल साहेबानं वीसेक पोरं घेऊन ब्राऊनसी बेटावर तंबू ठोकले, त्यात बड्या घरचीही होती आणि साध्या घरचीही, हे सांगितलं. आपल्याकडे १९०९ ला बंगळूरला पहिलं पथक निघालं आणि लगेच १९१०-११ च्या सुमाराला आपल्या खडकीत. “म्हणजे पुणं पहिल्यापासून पुढं,” असं मी म्हणालो. बायको म्हणाली, “आपली मुलं होती त्यात?” नव्हती. ती पथकं गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुलांची होती. आपल्या पोरांसाठी मालवीयजी, कुंझरू, वाजपेयी अशा मंडळींना वेगळी सेवा समिती काढावी लागली आणि सगळ्यांचं मिळून भारत स्काऊट्स आणि गाईड्स व्हायला ७ नोव्हेंबर १९५० उजाडला. हे सांगेपर्यंत पिरंगुट आलं आणि श्रोत्यांपैकी दोघं झोपली.

पौडच्या पुढे मात्र मी त्यांना उठवलं. पाणी चमकलं होतं आणि सेनापती बापटांचा विषय काढल्याशिवाय मुळशीत शिरणं मला पाप वाटतं. १९२१ च्या रामनवमीला इथल्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, गावं पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून. त्याच वर्षी बेडन-पॉवेल हिंदुस्थानात येऊन पोरांच्या सलाम्या घेत होता. बापटांचा सत्याग्रह हरला, धरण झालं, पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरलं, त्याची वीज मुंबईला गेली. शंभर वर्षं झाली. आमच्या सहकाऱ्याच्या प्लॉटवर अजून विजेचा खांब नाही.

तंबूच्या खोक्यावर ‘चार माणसांसाठी’ असं लिहिलेलं होतं. कुठल्या देशातली चार माणसं, ते नव्हतं. आत एक कागद होता, त्यावर बाण आणि हसरे चेहरे. अर्ध्या तासात मी दांड्या जोडल्या आणि तंबूला एक आकार आला. आई म्हणाली, “पापडांवर घालायची जाळी आहे का?” आता फक्त मेखा ठोकायच्या होत्या आणि खरी मेख तिथंच होती. सहकाऱ्याचा प्लॉट म्हणजे वर बोटभर माती आणि खाली कातळ. पहिली मेख वाकली, दुसरी टण्णकन उडून गवतात गेली, तिसऱ्या वेळेस हातोडी अंगठ्यावर बसली. मी विचारपूर्वक निर्णय घेतला. तंबूची पुढची दोरी गाडीच्या कॅरियरला बांधायची, मागची आंब्याच्या रोपाला, आणि बाजूंना चौदा किलोची पिशवी. तेवढाच त्या पिशवीचा उपयोग.

“क्लोव्ह हिच?” चिरंजिवांनी विचारलं.

“त्याच्या पुढची,” मी म्हणालो.

दुपारी चारला धरणाच्या अंगानं ढग चढले. वळीव मला आवडतो, म्हणजे कोथरूडच्या गॅलरीतून आवडतो. आधी धूळ आली, मग मातीचा वास, मग एकदम वारा. तंबूनं श्वास घेतला. खरंच, माणूस घेतो तसा छाती भरून घेतला. मागची दोरी रोपासकट निघाली, पिशवी गडगडत बांधाला जाऊन अडली आणि तंबू कॅरियरला धरून गाडीवर पतंगासारखा उभा राहिला. माझी गाठ सुटली नाही, हे मी अभिमानानं नमूद करतो. सुटली असती तर बरं झालं असतं. मी दोरीला लोंबकळत होतो आणि बायको गाडीच्या आतून काचेला हात लावून काहीतरी सांगत होती. तिला बाहेर यायचं नव्हतं, एवढं कळत होतं.

“ओ पाव्हणं!” बांधावरून आवाज आला. इरलं घेतलेले एक मामा दोन बैल हाकत चालले होते. “तंबू धरलाय का गाडी?”

त्यांनी कमरेचा कोयता काढून दोरी सट्कन कापली. तंबू करवंदीच्या जाळीत जाऊन बसला. आम्ही त्यांच्या मागोमाग त्यांच्या गोठ्यात.

पुढचा तास मी कधी विसरणार नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता, मावशींनी गवती चहा घालून कोरा चहा दिला होता आणि आई चुलीपाशी अशी बसली होती जणू तिचं माहेरच आहे. मामांनी बैल बांधायला घेतला. दावं खुंट्याभोवती एकदा फिरवलं, पहिल्या वेढ्यावरून तिरकं नेऊन दुसरा वेढा दिला, टोक त्या तिरक्या दाव्याखालून सारलं आणि ओढलं. तीन सेकंद. बैलानं मान झटकली तसा वेढा आणखी आवळला. मग त्यांनी टोक मागं ढकललं आणि सगळं पुन्हा मोकळं. मी खोकलो. ही तीच गाठ होती. खुर्चीवाली, म्हणजे खुर्चीवर जी व्हायला हवी होती ती.

“मामा, ह्या गाठीला काय म्हणतात?” चिरंजिवांनी विचारलं.

“ह्याला काय म्हणायचं? बैल बांधणं म्हणायचं.”

चिरंजिवांनी वासराच्या खुंट्यावर तीनदा केली. तिसऱ्यांदा न बघता. मी पावसाकडे बघत राहिलो.

“बाबा, तुमच्या शिबिरात पण असा पाऊस आला होता?”

मी गेली कित्येक वर्षं सांगत आलेली हकिकत सुरू केली. सात दिवस, घनदाट जंगल, मध्यरात्रीचा पहारा. चुलीपासून आईचा आवाज आला, “कसले सात दिवस? दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस्टीनं आणलं होतं ह्याला. ह्याचे वडील बँकेतून अर्धी रजा टाकून गेले होते.”

बायकोनं चहाचा कप खाली ठेवला. मला स्पष्ट आठवतं, अगदी सावकाश ठेवला.

“पाऊस होता,” मी म्हणालो. “सतरंजी भिजली होती.”

“ती पावसानं नव्हती भिजली,” आई म्हणाली.

मामा तोंड फिरवून बैलाच्या पाठीवर हात फिरवायला लागले. गोठ्यात मला तोंड लपवायला एकच जागा होती आणि तिथं आधीच शेण होतं. पण चिरंजीव हसले नाहीत. ते माझ्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, “मग रात्री लागली तर कुणाला उठवायचं असतं?”

आठ दिवस पोर हाच प्रश्न तोंडात घेऊन फिरत होतं. मी लायटरपर्यंत सगळं भरलं होतं आणि हे राहिलं होतं. उत्तर मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आताही नव्हतं, नाहीतर एस्टी कशाला लागली असती.

“शेजारच्याला,” आजी म्हणाली. “त्यालाही लागलेलीच असते. उठायला भीत असतो इतकंच.”

रात्री आम्ही घरीच परतलो. तंबू करवंदीतून निघाला, पण आता तो दीड माणसाचा उरला आहे. चिरंजिवांनी घरी येताच पिशवी उलटी केली आणि स्वतः भरली. पाच किलो. मलम, मेणबत्त्या, लायटर, पावडर सगळं माझ्या कपाटात आलं. दोरी ठेवली. चकल्या मोज्यांतच राहिल्या, त्याकडे आम्ही दोघांनीही दुर्लक्ष केलं.

बस सुटताना सर म्हणाले, “पालकांनी आता मागं व्हावं.” मी मागं झालो. माझ्या वेळेला बस सुटताना मी खिडकीच्या गजाला धरून रडलो होतो, हेही मला अचानक आठवलं. आईला विचारलं नाही. तिला आणखी आठवलं असतं.

शेवटच्या संध्याकाळी पालकांना शेकोटीला बोलावलं होतं. पोरं काळी पडली होती, गुडघे फुटलेले, स्कार्फ कुठल्या कुठे. एकेक संघ येऊन काहीतरी सादर करत होता. चिरंजिवांच्या संघाचं नाटुकलं तिसरं. आधी चार पोरं काठ्या आडव्या धरून ‘गाडी’ झाली. मग पोटाला उशी बांधलेला एक पोरगा आला, घसा खाकरून म्हणाला, “मी स्वतः स्काऊट होतो!” आणि आपल्याच पायाला दोरी गुंडाळायला लागला.

मला उठावंसं वाटलं, पण बायकोनं माझा शर्ट मागून धरला होता.

चादरीचा तंबू उडाला. उशीवाला चादरीला लोंबकळत मैदानभर फिरला, त्याला दोन पोरं ‘वारा’ होऊन ढकलत होती. बैल झालेल्या पोरानं “ह्याला काय म्हणायचं?” च्या आधीच हंबरून घेतलं आणि हशा पिकला. सगळ्यात लहान पोरगा स्कार्फचा पदर घेऊन आजी झाला होता. एस्टीचा भाग आला तेव्हा मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती, आता मात्र सुटत नव्हती.

“पदर मी असा डोक्यावरून घेत नाही,” शेजारी आई कुरकुरली.

पहिला नंबर आला. सरांनी पोरांची पाठ थोपटली आणि अंधारात पालकांच्या रांगांवरून कुणाला तरी शोधल्यासारखी नजर फिरवली. मी आणखी खाली वाकलो. माझ्या दुसऱ्या बाजूला ते रेंजवाले गृहस्थ बसले होते. डोळे पुसत ते माझ्याकडे वळले.

“काय हो, असे बाप खरंच असतात?”

“छे,” मी म्हणालो. “पोरांनी तिखटमीठ लावलंय.”