मामांची नोट आणि पॉलिसीचं कलम

गाडीच्या पॉलिसीची मागची पानं वाचणारा आमच्या खानदानात मी एकटाच. बाकीचे प्रीमियमचा आकडा बघतात, "एवढे?" म्हणतात आणि कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबतात. गंमत त्याच्या पुढे असते. खाजगी गाडी कशासाठी वापरायची नाही, ते तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: भाडं किंवा मोबदला घेऊन नाही, स्वतःचं सामान आणि नमुने सोडून मालवाहतुकीसाठी नाही, शर्यतीसाठी नाही, गाडीच्या टिकाऊपणाची परीक्षा बघण्यासाठी तर नाहीच. हे कलम लिहिणारे गृहस्थ पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गाने कधी गेलेले नसावेत.

शर्यतीची आम्हाला भीती नाही. आमच्या बाबांशी शर्यत लावायची तर समोरचा कंटेनर पंक्चर तरी हवा.

खरा पेच मोबदल्याचा. आमच्या मामांना फुकट बसायची सवय नाही. मिरजेहून लग्न आटोपून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला की ते खिशातून पाचशेची नोट काढतात. "पेट्रोलला." मी "अहो मामा, काय हे!" म्हणतो. ते नोट हँडब्रेकपाशी खोचतात. मी ती काढून त्यांच्या खिशात घालतो. मग मागून मामींचा हात येतो, "आमच्याकडून बाळाला खाऊ," आणि नोट आमच्या चिरंजीवांच्या मुठीत जाते. ती तिथून परत आल्याची नोंद नाही.

आता हे भाडं झालं का? मी एजंटला विचारलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "साहेब, मामा आहेत तोवर चालतं. पांढऱ्या पाटीवर पैसे घेऊन पाशिंजर मारायला लागलात, की ते भाडं. त्याला पिवळी पाटी लागते, परमिट लागतं, आणि पॉलिसी वेगळी."

"आणि पांढऱ्या पाटीवर भाडं मारताना ठोकली तर?"

"मग सर्व्हेअर बंपर नंतर बघतो. आधी मागच्या सीटवरच्यांना विचारतो, तुम्ही यांचे कोण?"

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. खाजगी गाडी भाड्यानं दिली एवढ्यावरून नुकसानीचा क्लेम अख्खा फेटाळू नका, काही रक्कम कापून बाकीची द्या, असा २०१० चा निकाल आहे. इतकी समंजस वाटणी मामांच्या मिरजेच्या वाड्याचीही झाली नाही.

मालवाहतुकीचं कलम मे महिन्यात आडवं येतं. देवगडहून निघताना डिकीत आंब्याच्या पेट्या, पेट्यांवर फणस, मावशीच्या पायाशी नारळ आणि मांडीवर कोकमाची बरणी. घरी खायचे आंबे म्हणजे स्वतःचं सामान, इथवर मी कोणाशीही भांडेन. पण गाडी गगनबावड्याला पोचेपर्यंत वहिनीनं सोसायटीच्या ग्रुपवर डझनाचा भाव टाकलेला असतो. तिला म्हटलं, अगं, हा धंदा झाला. ती म्हणाली, "नमुने चालतात ना? मग नमुनेच आहेत. आवडले की पुढच्या वर्षी जास्त आणू."

यात २०२२ च्या जुलैमध्ये विमा नियामकानं नव्या प्रकाराला परवानगी दिली: जेवढी गाडी चालवाल तेवढं भरा. आमची गाडी एरवी कव्हरखालीच झोपलेली असते, म्हणून बायकोनं सगळ्यात कमी किलोमीटरची पॉलिसी घेतली. सवलत मिळते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा दर सरकार इंजिनाच्या सीसीवरून ठरवतं. १००० ते १५०० सीसीला १ जून २०२२ पासून ३,४१६ रुपये, मग गाडी फिरो की झोपो. किलोमीटर संपले तरी थर्ड पार्टीचं संरक्षण राहतं. आपला पत्रा मात्र टॉप-अप घेईपर्यंत रामभरोसे.

तेव्हापासून घरात आमंत्रणं अंतरावर तोलली जातात. नाशिकची मुंज? जाऊन-येऊन सव्वाचारशे, अहेर पाठवू. कोल्हापूरचं बारसं? एसटी आहे. नागपूरच्या चुलत सासऱ्यांची पंच्याहत्तरी आम्ही व्हिडिओ कॉलवर साजरी केली.

मामांना हे कळल्यावर ते फार अस्वस्थ झाले. परवा आले आणि म्हणाले, "पेट्रोलचे घेत नाहीस तर नको घेऊ. तुझे हजार किलोमीटर मी भरतो."

हा मोबदला धरायचा की अहेर, हे विचारायला मी एजंटला फोन लावतोय. तो उचलत नाही.