स्ट्रेचिंग केलं नाहीस ना?

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी अर्धं पुणं सिंहगडावर जातं आणि मंगळवारी तेच पुणं कचेरीच्या जिन्यावरून तिरकं उतरताना दिसतं. एक हात कठड्यावर, दुसरा मांडीवर आणि दर पायरीला 'आई गं'. अशा माणसाला सहानुभूती मिळायला हवी. पण मागून एक सहकारी येतो, जो स्वतः गेल्या दिवाळीपासून लिफ्टशिवाय कशानेही वर गेलेला नसतो. तो थांबतो, मान तिरकी करतो आणि विचारतो, "गडावरून उतरल्यावर स्ट्रेचिंग केलं नाहीस ना?"

शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी हे आरोपपत्रच. आणि यातून निर्दोष सुटलेला आरोपी अजून जन्माला यायचाय. 'नाही केलं' म्हणालात, तर 'मग भोग आता'. 'केलं' म्हणालात, तर उलटतपासणी सुरू: "किती सेकंद धरलंस? तीस? आणि श्वास? श्वास रोखला असशील!" सगळं शास्त्रशुद्ध केल्याचं सिद्ध झालंच, तर निकाल असा की, "केलंस म्हणून एवढ्यावर निभावलं." नवसाचं असंच असतं. फळला तर देव पावला, नाही फळला तर नारळ फोडताना तुमचंच मन थाऱ्यावर नव्हतं.

आता या खटल्यातला पुरावा. सहकाऱ्याच्या मते मांड्यांत 'लॅक्टिक अ‍ॅसिड साठलंय' आणि ताणल्याने ते 'निघून जातं'. बिचारं लॅक्टिक अ‍ॅसिड व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात आपणहूनच निघून गेलेलं असतं. म्हणजे आपण गडावर पिठलं-भाकरी संपवून दह्याच्या मडक्याकडे वळतो तोवर चढाईतलं बरंचसं मिटलेलं असतं. मांड्या भरून येतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. स्नायूंतल्या बारीक इजेमुळे असं होत असावं, हे थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच सुचवलं होतं. ही इजा चढण्यापेक्षा उतरताना जास्त होते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू दर पावलाला लांबत असतो आणि त्याच वेळी शरीराचा भार रोखूनही धरत असतो. गड चढताना छाती फुटते म्हणून आपण चढणीला घाबरतो. सूड मात्र उतरण घेते.

मग ताणण्याचं खूळ आलं कुठून? १९६०च्या दशकात हर्बर्ट डी व्रीज या अमेरिकन संशोधकाने मांडलं की, व्यायामानंतर स्नायू आखडतो, त्यामुळे त्याचा रक्तपुरवठा घटतो, दुखतं, आणि दुखल्यामुळे तो आणखी आखडतो. ताणलं की चक्र तुटेल. कल्पना इतकी गोंडस होती की, पुढच्या तपासण्यांत ते आखडणं नीट सापडेना तरी कुणी मनावर घेतलं नाही. सिद्धान्त गेला, चटई राहिली.

आकडे तर आणखीच चोंबडे. कॉक्रेन या संस्थेने २०११ साली १२ अभ्यास एकत्र करून पाहिले. व्यायामानंतर ताणल्याने दुसऱ्या दिवशीचं दुखणं शंभर गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी एका गुणाने कमी झालं. ऑस्ट्रेलिया आणि नॉर्वेतल्या २,३७७ माणसांच्या मोठ्या चाचणीत व्यायामाआधी आणि नंतर, असं दोन्ही वेळा ताणूनही आठवड्यातलं कमाल दुखणं चारच गुणांनी उतरलं. २०२१ साली आणखी एका गटाने ११ चाचण्या एकत्र केल्या. व्यायामानंतर ताणणारे आणि नुसते बसून राहणारे यांच्यात त्यांना सांगण्याजोगा फरक दिसला नाही. व्यायाम करून नुसतं बसून राहणं ही मान्यताप्राप्त उपचारपद्धती निघेल, याची आम्हाला फार दिवसांपासून खात्री होती.

हे सगळं आमच्या सोसायटीतल्या एका काकांना सांगून पाहिलं. काका पहाटे कानटोपी घालून वज्रासनाकडे निघालेले. शांतपणे म्हणाले, "नॉर्वेतल्या माणसाची हाडं वेगळी. तो भाकरी खातो का?" यावर काय बोलणार? गंमत म्हणजे त्या नॉर्वेच्या चाचणीत काकांच्या बाजूचाही एक मुद्दा होता. ताणणाऱ्यांत आठवड्याला त्रासदायक दुखणं होणारे सुमारे २५ टक्के, न ताणणाऱ्यांत ३२ टक्के. अर्थात कोण ताणतंय हे ताणणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळे त्यात श्रद्धेचा वाटा किती, कोण जाणे. पण वकील म्हणून काकांनी हा आकडा तोंडावर फेकायला हवा होता. त्यांनी तो वाचला नव्हता. काय करणार, स्ट्रेचिंगचे सगळे वकील असेच. अशील बरा, पण कागदपत्रं बघायची नाहीत.

अशिलाची खरी बाजूही सांगून टाकू. नियमित ताणल्याने सांधे मोकळे होतात, वाकणं वाढतं, हे खरंच आहे. पंगतीत मांडी घालून बसता येत नसेल, तर जरूर ताणा. पण त्याला गड उतरल्याचा मुहूर्त लागत नाही. रात्री मालिका बघताना ताणलं तरी चालतं. तोटा एवढाच, तिथे कुणी बघत नाही. बागेत कठड्यावर टाच ठेवून पुनर्विकासाच्या बिल्डरला शिव्या देण्यात जो आनंद आहे, तो घरच्या सोफ्यावर कुठला? दहा मिनिटं स्नायूंच्या नावावर मांडली जातात, पण त्यांतली आठ बिल्डरच्या खात्यात जातात. आमच्या मते तीच आठ आरोग्याला उपकारक.

आणखी एक, धावून झाल्यावर एकदम थांबू मात्र नये. पायांत रक्त साचून भोवळ येऊ शकते, म्हणून थोडं सावकाश चालावं. पण चालण्याला ना चटई लागते, ना प्रशिक्षक, ना 'असिस्टेड स्ट्रेच' नावाचं वेगळं पॅकेज. त्यामुळे त्याची जाहिरात कोण करणार? पॅकेज घेणाऱ्यांनी एकदा फीला चाराने भागून पाहावं. दर गुणाचा भाव कळेल.

राहता राहिला मंगळवारचा माणूस. त्याच्या दुखण्यावर खात्रीचा म्हणावा असा एक उपाय आहे. एकदा गड उतरून दुखलेल्या मांड्या पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा उतरवल्या, तर पुष्कळ कमी दुखतात. स्नायू एका धड्यात शहाणा होतो. म्हणजे औषध असं की, विसर पडायच्या आत परत सिंहगड. हे आम्ही जिन्यावर उभ्या असलेल्या दोघांनाही समजावलं. तिरक्याने मांडी चोळली, लिफ्टवाल्याने मोबाइल काढून तारखा पाहिल्या, आणि पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं: पुढच्या पावसाळ्यात नक्की.